बग्शाला आधी चहा द्या

लोकांना प्रभूचा मार्ग दाखवायला मंगोलियात जाणाऱ्या माणसाला आधी स्वतःचा मार्ग सापडत असला पाहिजे, अशी अट आमच्या सेमिनरीत कुणी घातलेली नाही. घातली असती तर मी वसईतच राहिलो असतो. तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपला की ईश्वरविज्ञान सुरू होण्यापूर्वी आम्हां ब्रदर मंडळींना ‘रीजन्सी’ नावाचा प्रत्यक्ष कामाचा काळ काढावा लागतो. माझ्या बरोबरच्यांपैकी कुणाला तलासरी मिळालं, कुणाला नंदुरबार. मला मिळालं उलानबातर. यादी वाचून दाखवणारे फादर वर म्हणाले, “तुझी प्रकृती दणकट आहे.” प्रकृती पाहिली, दिशांचं ज्ञान कुणी पाहिलं नाही. नालासोपाऱ्याला पूर्वेला उतरायचं असेल तर हमखास पश्चिमेला उतरणारा मी, आणि मला ज्या देशात धाडलं तिथे रस्ते कमी, सगळा कारभार दिशांवर.

गावात मात्र आनंदीआनंद. वसईला या कामाची जुनी परंपरा आहे. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचा. तो जपानला गेला, जपानी इतकं उत्तम शिकला की फ्रान्सिस्कन धर्मबंधूंचा दुभाषा झाला, आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात प्रत्येक वक्त्यानं गोन्सालोचं नाव घेतलं आणि माझ्याकडे ज्या आशेनं पाहिलं, त्यावरून त्यांच्या डोळ्यांपुढे कथेचा शेवटचा भागच जास्त असावा. आईला ती नजर आवडली नाही. तिनं मुकाट्यानं माकडटोपी, दोन स्वेटर, सुक्या बोंबलांची पिशवी आणि राजेळी केळ्यांच्या सुकेळ्यांच्या जुड्या बॅगेत भरल्या. बोंबील फादरांनी काढायला लावले. सुकेळी राहिली. ती राहायला नको होती.

देशाची थोडी कल्पना देतो. मंगोलिया महाराष्ट्राच्या पाचपट मोठा आहे आणि माणसं आहेत पस्तीस लाखांच्या आसपास. त्यांतली निम्मी राजधानीत. १९९२ मध्ये पहिले तीन कॅथलिक मिशनरी तिथे पोचले तेव्हा त्या देशात एकही मंगोल कॅथलिक नव्हता. २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस भेटीला आले तेव्हा संख्या साधारण १,४५० होती. आमच्याकडच्या एखाद्या धर्मग्रामात नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला याहून जास्त माणसं असतात आणि त्यांतली निम्मी बाहेर उभी राहून गप्पा मारतात. पण या एवढ्याशा कळपाला स्वतःचा कार्डिनल आहे आणि मंगोल तंबूच्या, म्हणजे गेरच्या, गोल आकाराचं कॅथेड्रलही. माझ्यामुळे त्या आकड्यात काहीही भर पडली नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कुणी वाट पाहायला नको.

आमचं बालकेंद्र गेर वस्तीत होतं. शहराच्या कडेच्या टेकड्यांवर, गुरं गमावून आलेल्या मेंढपाळांनी कुंपणं घालून गेर उभारलेत, त्या वस्तीत. शाळा सुटल्यावर मुलं केंद्रात यायची, गरम जेवायची, अभ्यास करायची. मी त्यांना इंग्रजी शिकवायचो. शिक्षकाला तिकडे ‘बग्श’ म्हणतात आणि हाक मारताना ‘बग्शा’. या हाकेनं पहिला आठवडाभर मी फुगून गेलो होतो. नंतर लक्षात आलं की मुलं ती हाक मुख्यतः मी पडायच्या बेतात असलो की मारतात.

उलानबातर ही जगातली सर्वांत थंड राजधानी. जानेवारीत पारा शून्याखाली तिशीत जातो. चष्म्याची धातूची काडी गालाला चिकटते, खिशातला मोबाइल दम तोडतो, आणि रस्त्यावर सांडलेलं पाणी मार्चपर्यंत तिथेच असतं. त्या बर्फावर चालायचं कसं हे मला दुसरीतल्या एका मुलानं शिकवलं. पावलं छोटी टाकायची, गुडघे सैल ठेवायचे आणि हात खिशात घालायचे नाहीत. तो रोज मला केंद्रापासून बसथांब्यापर्यंत हाताला धरून सोडायचा आणि बस सुटेपर्यंत थांबायचा. आमच्या त्रैमासिकात माझा फोटो छापून आला: ‘गरजू बालकाला आधार देताना ब्रदर.’ फोटोत कोण कुणाला आधार देतंय हे ज्याला बर्फाचा अनुभव आहे त्यालाच दिसेल.

गेर वस्तीत नळ नाहीत. चौकात पाण्याची खोपटी असतात, तिथून डबे भरून हातगाडीवरून घरी न्यायचे. हे काम घरातली मुलं करतात. एका संध्याकाळी एका चिमुरडीची गाडी मी प्रेमानं हातात घेतली. चढण होती तोवर मी गाडी ढकलत होतो. उतार लागल्यावर गाडीनं मला ओढायला सुरुवात केली. मी गाडी सोडली. माझ्या मते तो शहाणपणाचा निर्णय होता. गाडी सरळ खाली जाऊन एका कुंपणाला टेकून सुरक्षित उभी राहिली. तिच्यामागून घसरत गेलेला मी मात्र डब्याचं झाकण घेऊन पाण्यासकट आडवा झालो. पाच मिनिटांत पँटची लाकडी फळी झाली. गुडघा वाकेना. त्या संध्याकाळची मिस्सा मी शेवटपर्यंत उभ्यानं ऐकली आणि दोन वृद्ध बायकांनी माझ्या भक्तीचं कौतुक केलं.

आता भक्तीचा विषय निघालाच आहे तर प्रवचनाचंही सांगतो. तिथल्या नियमांमुळे आम्हांला धर्माविषयी बोलायचं ते नोंदणी झालेल्या वास्तूच्या आत. रस्त्यावर, बसमध्ये, कुणाच्या घरी चहा पिता पिता उपदेश करायचा नाही. हा नियम मला मनापासून आवडला, कारण रस्त्यावर माझी सगळी शक्ती उभं राहण्यात खर्च व्हायची. पण प्रार्थनागृहात एकदा छोटंसं चिंतन सादर करायची पाळी आलीच. केंद्रातल्या शिक्षिकाबाई भाषांतराला उभ्या राहिल्या. मी डोंगरावरच्या प्रवचनावर बोललो. चांगलं लांबलचक बोललो, सेमिनरीत असताना त्यासाठी शाबासकी मिळाली होती. बाईंनी एकच वाक्य उच्चारलं. लगेच दोन बायका उठून बाहेर गेल्या. मी घाबरलो; डोंगरावरच्या प्रवचनात न पटण्याजोगं काय असावं? तेवढ्यात त्या थर्मास घेऊन परत आल्या.

पुढे भाषा थोडी कळू लागल्यावर मी बाईंना विचारलं, त्या दिवशी तुम्ही नेमकं काय सांगितलंत? त्या म्हणाल्या, “मी म्हटलं, बग्शा चांगलं बोलतोय, ते मी तुम्हांला नंतर सांगेन. त्याचे ओठ निळे पडलेत, आधी चहा द्या.”

दुभाषांच्या बाबतीत माझं नशीब काही वेगळं नव्हतं. १२५३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मबंधू विल्यम रुब्रुक मोंगके खानाच्या दरबाराकडे निघाला, तेव्हा त्याच्याबरोबरचा दुभाषा असाच होता. रुब्रुकला थोडी भाषा उमगू लागल्यावर कळलं की आपण एक बोलतो आणि हा भलतंच सांगतो, म्हणून त्यानं गप्प बसणं पसंत केलं. रुब्रुकचं प्रवासवर्णन मी रात्री पांघरुणात वाचायचो. आपल्या संप्रदायाच्या नियमाप्रमाणे तो त्या थंडीत अनवाणी फिरला आणि त्याच्या पायाची बोटं गोठली, हे वाचलं की माझ्या ओल्या पँटचं दुःख हलकं व्हायचं. त्याच्या उलट उदाहरणांची पुस्तकं मी जवळ ठेवत नसे. फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात येतात आणि १६१६ मध्ये मराठीत जवळजवळ ११,००० ओव्यांचं ख्रिस्तपुराण छापून मोकळे होतात. मला मंगोलीत ‘चहात मीठ नको’ एवढंही धड सांगता येत नव्हतं. चहात मीठ असतंच. दूध, पाणी, चहाची पत्ती आणि मीठ. पहिला घोट घेताना चेहरा सरळ ठेवता आला तर त्या दिवसाचं आत्मनिग्रहाचं काम झालं असं समजायचं.

वसंत संपल्यावर केंद्रातल्या स्वयंपाकीणबाईंनी मला आपल्या माहेरी नेलं. माहेर राजधानीपासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, खारखोरिनच्या पुढे, ओरखोन नदीच्या खोऱ्यात. खारखोरिन म्हणजेच जुनं काराकोरम, खानांची राजधानी, रुब्रुकचं मुक्कामाचं ठिकाण. आज तिथे १५८६ मध्ये उभारलेला एर्देनी झू मठ आहे, स्तूपांच्या तटबंदीचा. मी बाईंना रुब्रुकबद्दल उत्साहानं सांगितलं. त्यांनी विचारलं, “तो घोड्यावर बसायचा का?” मी हो म्हणालो. “मग ठीक,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून विचारात पडल्या.

गेरला बेल नसते. लांबूनच ‘नोखोइ खोर!’ असं ओरडायचं, म्हणजे कुत्र्याला आवरा. मी ओरडलो. कुत्रा थांबला, माझा उच्चार ऐकून थोडा वेळ उभा राहिला आणि मग बाईंना शेपूट हलवून दाखवायला गेला. पुढचा धोका उंबऱ्याचा. गेरच्या उंबऱ्यावर पाय पडता कामा नये. रुब्रुकचा जोडीदार, क्रेमोनाचा बार्थोलोम्यू, खानाच्या तंबूतून निघताना घाईत उंबऱ्याला अडखळला आणि पहारेकऱ्यांनी त्याला जागच्या जागी पकडला. परदेशी आहे, रीत ठाऊक नव्हती, म्हणून जिवावरचं टळलं. पण पुन्हा खानाच्या तंबूत पाय टाकायची त्याला बंदी झाली. मला ही गोष्ट तोंडपाठ होती. मी उंबऱ्यावर नजर रोखून उजवा पाय उंच उचलला, तो पलीकडे ठेवला, आणि दाराच्या वरच्या चौकटीवर कपाळ आपटलं. ती तिथे आहे हे रुब्रुकनं मला सांगितलं नव्हतं. झोक गेला आणि डावा पाय एका वृद्ध गृहस्थांच्या बुटावर पडला. पायावर पाय पडला तर तिथे लगेच हात मिळवायचा असतो, नाहीतर वैर राहतं म्हणतात. आम्ही हात मिळवला. अशा रीतीनं घरच्या थोरल्या जावयाच्या वडिलांशी माझी ओळख झाली. त्यांच्याशी पुढे अधिक जवळचा संबंध येणार होता.

गेरची आतली मांडणी एकदा समजून घ्या, पुढे लागेल. दार नेहमी दक्षिणेला. मधोमध चूल. पश्चिमेची बाजू पुरुषांची आणि पाहुण्यांची, पूर्वेची स्वयंपाकाची. समोर, उत्तरेला, मानाची जागा. सगळ्या देशात, सगळ्या गेरांत हेच. मधल्या दोन खांबांमधून जायचं नाही, चुलीत कचरा टाकायचा नाही, आत शीळ घालायची नाही. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं.

मग यजमानांनी तपकिरीची बाटली पुढे केली. दगडाची, सुंदर, रेशमी पिशवीतली. उजव्या तळव्यावर घ्यायची, हुंगायची, आदरानं परत द्यायची. नुसता हुंगल्याचा अभिनय केला तरी चालतं, हे वहीत नव्हतं. मी श्वास भरून ओढली. पुढचा बराच वेळ मी शिंकत होतो आणि प्रत्येक शिंकेगणिक घरातल्या आजी काहीतरी पुटपुटत होत्या. बाईंनी सांगितलं, त्या तुला आशीर्वाद देतायत. शेवटी शेवटी आजी दमल्या.

पाठोपाठ ऐराग आलं. घोडीचं दूध घुसळून आंबवलेलं, आंबट, फसफसणारं. रुब्रुकनं पहिल्यांदा प्यायलं तेव्हा धास्तीनं त्याच्या अंगाला घाम फुटला होता, आणि नंतर ते त्याला आवडलं होतं. मी त्याच्या पुढे गेलो: मला आधी आवडलं आणि मग घाम फुटला. ताटात टाकू नये या आईच्या शिकवणीला जागून मी वाडगं रिकामं केलं. ते भरलं. पुन्हा रिकामं केलं. पुन्हा भरलं. आमच्याकडे आग्रह करणारा निदान विचारतो तरी. इथे रिकामं वाडगं हीच मागणी. मला वाटत होतं मी सभ्यपणे संपवतोय, त्यांना वाटत होतं या पोराला कुणी प्यायलाच दिलेलं नाही.

आता सुकेळी.

मी जपून ठेवलेल्या शेवटच्या दोन जुड्या आजींना दिल्या. उजव्या हातानं, डाव्या हाताचा कोपराला आधार देऊन, अगदी रीतसर. त्या एका क्षणी माझं काही चुकलं नाही हे नमूद करतो. आजींनी दोन्ही हातांनी जुडी घेतली, वास घेतला, एक पट्टी बोटांनी वाकवून पाहिली, मान डोलावली आणि पूर्वेच्या बाजूला ठेवून दिली. वाळवलेलं राजेळी केळं ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे: लांबट, तपकिरी, चिवट. मंगोल लोक हिवाळ्यात मांसाच्या पट्ट्या टांगून वाळवतात, त्याला बोर्त्स म्हणतात. लांबट, तपकिरी, चिवट. पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

रात्री मटणाचं सूप आलं. मटण, हातानं लाटून कापलेल्या शेवया, बटाटा आणि वसईचं केळं, तासभर उकळलेलं. पहिल्या घोटानंतर गेरमध्ये शांतता पसरली. पाहुण्यानं दूरदेशाहून आणलेली भेट. कुणी वाडगं खाली ठेवीना. स्वयंपाकीणबाई बाहेर घोड्यांकडे गेल्या होत्या, तेव्हा माझी मंगोली हाच काय तो आधार. यजमानांनी सावकाश विचारलं, “बग्शा, तुमच्या देशात कुठल्या जनावराचं मांस गोड लागतं?”

हे जनावर नाही, हे सांगायला मला लागणारे शब्द त्या वेळी कुठे गेले होते कोण जाणे. फळ हा शब्द आठवेना. झाड आठवलं. मी सुपाकडे बोट दाखवून ठामपणे म्हणालो, “झाड. वर. झाडावर.”

यजमानांनी हे सगळ्यांना समजावून सांगितलं: झाडावर राहणारं जनावर. थोरल्या नातवानं शाळेच्या पुस्तकात भारतातली माकडं पाहिली होती. त्यानं हातांनी फांदीला लोंबकळून दाखवलं आणि माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. केळीच्या घडाला लोंबकळतानाच दाखवतोय असं वाटून मी आनंदानं मान हलवली. आजींनी एक दीर्घ श्वास घेतला आणि वाडगं संपवलं. सगळ्यांनी संपवलं. माझ्या वाडग्यात मानाचे जास्तीचे तुकडे होते.

स्वयंपाकीणबाई परत आल्यावर खुलासा झाला आणि त्या जमिनीवर बसून पोट धरून हसल्या. तेव्हा कळलं की मंगोल पंचांगातल्या बारा जनावरांच्या चक्रात यजमानांचा जन्म माकडाच्या वर्षातला आहे. त्यांना माझ्यामुळे आपलंच जन्मवर्ष गिळावं लागलं होतं. त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. फक्त मी तिथे होतो तोवर जेवणात गोड काही आलं की ते आधी माझ्याकडे पाहायचे.

पाहुण्यानं बसून राहू नये म्हणून दुसऱ्या दिवशी मी शेण गोळा करायला निघालो. शेण म्हणजे माळावर उन्हात वाळून कोरडं झालेलं, तिथलं सरपण. पाठीवर टोपली, हातात लांब दांड्याचा पंजा. उचलायचं आणि न बघता खांद्यावरून टोपलीत टाकायचं. आजी वयाच्या मानानं झपझप चालत हे करत होत्या. मी पण केलं. टोपली माझी होती, पण माझ्या मागून येणाऱ्या आजींच्या डोक्यावरचा रुमाल त्या टोपलीपेक्षा वरचेवर भरत गेला. थोड्या वेळानं त्यांनी न बोलता माझ्या पुढे चालायला सुरुवात केली.

घोड्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण स्वारीही थोडक्यात आटोपली. मला सर्वांत गरीब घोडा दिला. मी त्याचं नाव मोती ठेवलं. मंगोल लोक घोड्याला सहसा नावं ठेवत नाहीत, रंगावरून ओळखतात, आणि त्यांच्याकडे रंगांना इतके शब्द आहेत की नावांची गरजही पडत नाही. मुलं लोळून हसली. ‘चू’ म्हटलं की घोडा चालतो. थांबवायला काय म्हणायचं हे कुणी सांगितलं नाही, कारण थांबवायची वेळ तिथे फारशी कुणावर येत नाही. घोडा मला घेऊन टेकडीपलीकडच्या आपल्या कळपात गेला आणि चरू लागला. मी त्याच्यावर बसून राहिलो. उतरावं तर पुन्हा चढता येणार नाही. न उतरावं तर करायचं काय? मी जपमाळ काढली. दुसरं रहस्य चालू असताना घरची साताठ वर्षांची मुलगी खोगिराशिवाय घोडा पिटाळत आली, माझा लगाम हातात घेतला आणि आम्हां दोघांना, म्हणजे मला आणि मोतीला, घरी घेऊन आली. वाटेत तिनं मला गोठलेलं दही वाळवून केलेला एक खडा चघळायला दिला. रडू नये म्हणून लहान मुलांना देतात तसा.

त्याच रात्री मी बाहेर गेलो. कशाला ते विचारू नका. ऐराग भरपूर झालं होतं. कुत्रा सोबत आला. आकाशात तारे एवढे की मी वर पाहत उभा राहिलो आणि मग परत फिरलो. माळावर दोनच गेर होते, एक आजींचा, दुसरा शेजारी त्यांच्या मुलीचा, जिच्या सासऱ्यांच्या पायावर मी पहिल्या दिवशी पाय दिला होता. कुत्रा एका बाजूला गेला. मी दुसऱ्या. वहीतले सगळे नियम मला आठवत होते: दार दक्षिणेला, बरोबर. उंबऱ्यावर पाय नाही, बरोबर. या वेळी डोकंही वाकवलं. चूल मधोमध, धुगधुगतेय. पश्चिमेला पाहुण्याची खाट, माझी खाट, अंगावर घ्यायला पांघरूण. मी शिरलो. पांघरूण उबदार होतं, तेव्हा मनात म्हटलं चूल जवळ असल्याचा हा फायदा. मग पांघरूण हललं.

सासऱ्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे सरकले, निम्मं पांघरूण माझ्यावर टाकलं आणि घोरायला लागले. मी उजाडेपर्यंत ताठ पडून होतो. उठून जायची छाती होईना, आणि खरं सांगायचं तर कुठे जायचं हेही नक्की नव्हतं. सकाळी घरच्या सूनबाईंनी मला चहा दिला, वाडगंभर, मिठाचा. हा इथे कसा, असं कुणी विचारलं नाही. मुलं रांगेत बसून मला पाहत होती, बस्स.

मी आजींकडे परत गेलो, माफी मागितली, त्या रात्रभर माझी काळजी करत बसल्या असतील म्हणून. आजींनी चुलीत शेणी सारली. “कळलं होतं तू तिकडे गेलास ते,” त्या म्हणाल्या. “तिकडेही चूल पेटलेली होती.”

पुढच्या हिवाळ्यात फेब्रुवारीत त्सगान सार आला, मंगोल नववर्ष. त्या दिवसांत सगळ्या नातेवाइकांकडे जायचं, वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करून. नमस्कारात धाकट्यानं आपले हात थोरल्याच्या हातांखाली धरायचे असतात, आधार दिल्याप्रमाणे. मी घाईत पंचाहत्तरीच्या एका गृहस्थांच्या हातांवर हात ठेवले आणि स्वतःला त्यांच्यापेक्षा वडील जाहीर केलं. त्यांनी मला मनापासून वयाबद्दल शुभेच्छा दिल्या. मग बूझ आले, मांस भरून वाफवलेले मोदक म्हणा ना. घराघरांत शेकड्यांनी केलेले असतात, बाहेर गोठवून ठेवलेले. पहिल्याच घरात मी आग्रहाला बळी पडलो आणि अजून अर्धी वस्ती बाकी होती. चौथ्या घरी एक बूझ घशाखाली जाईना. ताटात ठेवणं अपमान. मी तो हळूच कोटाच्या खिशात सोडला. पुढच्या घरापर्यंत शून्याखाली पंचवीसमध्ये चाललो. तिथे कोट काढताना खिशातून तो दगड झालेला बूझ लाकडी फळीवर टणटण आवाज करत पडला. यजमानीणबाईंनी उचलला. बग्शानं नववर्षाला स्वतः बनवून आणलाय, असा त्यांचा समज झाला. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तो वाफवून आणला आणि प्रेमानं मलाच भरवला.

रीजन्सी संपताना वरिष्ठांना अहवाल द्यावा लागतो. त्यात ‘फलनिष्पत्ती’ असा एक रकाना असतो. मी बराच वेळ पेन धरून बसलो. रुब्रुकनं काराकोरमहून परतताना आपण सहा जणांना बाप्तिस्मा दिल्याचं लिहिलंय, आणि १२५४ मध्ये खानाच्या आज्ञेवरून ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध यांच्यात झालेल्या मोठ्या वादविवादानंतर कुणीच धर्म बदलला नाही, सगळे भरपूर प्यायला बसले, हेही त्यानं प्रामाणिकपणे नोंदवलंय. एकोणिसाव्या शतकातला स्कॉटिश मिशनरी जेम्स गिल्मर १८७० मध्ये आला, १८९१ मध्ये वारला. मधल्या काळात तो मंगोलांच्या तंबूंत राहिला, त्यांच्यावर नावाजलेलं पुस्तक लिहिलं. पण लोक त्याच्याकडे आत्म्याच्या तारणासाठी कमी आणि खरूज, संधिवात, डोळे दुखणं यांवरच्या औषधासाठी जास्त येत. म्हणजे परंपरा माझ्या बाजूनं होती. मी रकान्यात लिहिलं: ‘सर्व संबंधितांनी माझी उत्तम काळजी घेतली.’ वरिष्ठांनी खाली लाल शाईनं शेरा मारला: ‘रकाना पुन्हा भरावा.’

मी तो पुन्हा भरलेला नाही. यंदा आमच्यातला आणखी एक ब्रदर तिकडे निघालाय आणि त्यानं मला सल्ला विचारलाय. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर त्यांनाही तोच सांगतो. जुलैत जा; ११ ते १३ जुलैला नादाम असतो, कुस्ती, धनुर्विद्या आणि घोड्यांच्या शर्यती. शर्यतीतले स्वार लहान मुलं असतात, ती बघा, स्वतः बसू नका. वाडगं कधी रिकामं करू नका. लोकरीचे मोजे चार जोड जास्त न्या. प्रवचन नेलंत तरी हरकत नाही, फक्त ते एका वाक्यात बसेल एवढंच असू द्या.